उंदराची साक्ष

दोन महिन्यांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा आज चाळिशीच्या घरांत आहे. विसाव्या वर्षीं त्याला कानांत आवाज ऐकूं येऊं लागले, शेजारी आपल्या मनांतले विचार चोरतात असें तो म्हणूं लागला, आणि कॉलेज सुटलें तें सुटलेंच. वैद्यकांत ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात व मराठींत ज्याला छिन्नमनस्कता असें नांव पडलें आहे, तो हा रोग. बाईंच्या हातांत वर्तमानपत्राचें एक कात्रण होतें. गरोदरपणीं आईस ताप आला तर गर्भाच्या मेंदूंत दाह उत्पन्न होतो व पुढें त्या मुलास हा रोग जडतो, असें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केल्याची वार्ता त्यांत होती. बाई म्हणाल्या, "तुम्ही असलें वाचतां म्हणून विचारतें. पांचव्या महिन्यांत मला चार दिवस ताप होता. तेव्हां हें सगळें माझ्यामुळेंच झालें म्हणावयाचें का?"

आम्हीं तें कात्रण लक्षपूर्वक वाचलें. मथळ्यांत आई होती, मूल होतें, रोग होता, आणि 'कारण सांपडलें' अशी ग्वाही होती. उंदीर मात्र शेवटून दुसर्‍या परिच्छेदांत, तोहि एकदांच, आला होता. वस्तुतः त्या सबंध वार्तेंत माणूस एकहि नव्हता. आई होती ती उंदराची मादी, मूल होतें तें तिचें पिलूं, आणि ताप होता तो विषाणूचा नसून प्रयोगशाळेंतल्या पिचकारीचा. एका वृद्ध स्त्रीच्या झोपेवर दरोडा घालण्यास एवढें भांडवल पुरेसें झालें! ह्या प्रकाराचा आम्हांस जो राग आला तो अद्याप शमलेला नाहीं. आणि तो केवळ वर्तमानपत्रांवर काढून आम्ही थांबणार नाहीं, कारण बातमीदारानें जी भाषा वापरली ती त्यानें स्वतः घडविलेली नव्हती. 'स्किझोफ्रेनियाचें प्राणि-प्रतिमान', 'स्किझोफ्रेनियाचा उंदीर' असले शब्दप्रयोग शास्त्रीय नियतकालिकांतून सर्रास होत असतात. खोटें नाणें टांकसाळींतूनच निघालें असेल, तर तें बाजारांत चालविणार्‍या दुकानदारालाच तेवढें धरून काय उपयोग?

प्रथम हा प्रयोग असतो तरी कसा, तें पाहूं. 'पॉली-आय-सी' ह्या नांवाचा एक कृत्रिम पदार्थ आहे. कित्येक विषाणु शरीरांत वाढूं लागले म्हणजे दुपदरी आर.एन.ए. नांवाचें द्रव्य निर्माण होतें. पॉली-आय-सी ही त्याची नक्कल होय. ती गाभण मादीस टोंचली कीं तिच्या शरीरास विषाणूचा हल्ला झाल्यासारखें वाटतें; शत्रु कोठेंच नसतां नगारे वाजूं लागतात. मादी मलूल होते, आणि तिच्या रक्तांत इंटरल्यूकिन-६ व तत्सम निरोप पोंचविणारीं द्रव्यें एकदम वाढतात. उंदराचें गर्भारपण अवघें विसेक दिवसांचें. त्यांतल्या एखाद्या ठराविक दिवशीं, कोणी नवव्या, कोणी बाराव्या, कोणी सतराव्या, हें टोंचणें होतें. पिलें जन्मतात, दोन-तीन महिन्यांत वयांत येतात, आणि मग त्यांची परीक्षा घेतात.

परीक्षांत मुख्य ती दचकण्याची. एकाएकीं मोठा आवाज झाला तर उंदीर दचकतो, माणूसहि दचकतो. त्या आवाजाच्या सुमारें दशांश सेकंद अगोदर एक बारीक आवाज केला, तर दचकणें कमी होतें. मेंदू जणुं काय सावध झालेला असतो. स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत हें कमी होणें पुरेसें घडत नाहीं, असें अमेरिकेंत डेव्हिड ब्रॅफ व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९७८ सालीं दाखविलें. पॉली-आय-सी टोंचलेल्या मादीच्या पिलांतहि तें पुरेसें घडत नाहीं. म्हणून तीं पिलें स्किझोफ्रेनियाचें प्रतिमान!

आतां हेंच वैगुण्य हंटिंग्टनच्या रोगांत आढळतें, टूरेटच्या रोगांत आढळतें, एकच कृति पुनः पुनः करावयास लावणार्‍या मंत्रचळाच्या विकारांतहि आढळतें. खोकला हें क्षयाचें लक्षण खरें. पण खोकणार्‍या प्रत्येकास क्षयी ठरविणारा वैद्य आपण गांवांत राहूं देऊं का? ज्या घरांत हा रोग शिरला आहे त्या घरास विचारा कीं रोग म्हणजे काय. तेथें दचकण्याची गोष्ट कोणी काढणार नाहीं. कालपर्यंत ज्या आईच्या हातचें जेवला तिच्याच ताटांत विष आहे असें मुलास वाटूं लागतें. रेडिओवरचा निवेदक आपल्याविषयींच बोलतो अशी त्याची खात्री होते. मग हळूहळू हसणें जातें, बोलणें जातें, अंघोळ करण्याची इच्छाहि जाते. ही सारी हानि भाषेंत, नात्यांत आणि अर्थांत होते. उंदरास आपल्या शेजार्‍याचा संशय येतो कीं नाहीं, हें कोणीं व कसें सांगावें?

ह्या ठिकाणीं एका प्रयोगाचा उल्लेख न करणें अन्यायाचें होईल. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत उंदरांस गोंगाटांत एक सूर ऐकूं आला कीं नाहीं तें खुणेनें सांगावयास शिकविलें होतें, आणि बक्षिसाची वाट तो किती वेळ पाहतो ह्यावरून त्याची स्वतःच्या ऐकण्याविषयींची खात्री मोजली होती. सूर नसतांहि तो खात्रीपूर्वक ऐकल्याचें उंदीर सांगूं लागले, आणि डोपामीन ह्या द्रव्याचा त्याच्याशीं संबंध दिसला. तोच खेळ माणसांकडूनहि खेळवून घेतला होता. आम्हांस हा प्रयोग फार आवडला. आणि त्याहून अधिक आवडली ती संशोधकांची जीभ. त्यांनीं त्यास 'भ्रम' न म्हणतां 'भ्रमसदृश प्रतीति' म्हटलें, आणि रोगाचें नांव उंदराच्या गळ्यांत बांधलें नाहीं. त्या 'सदृश' शब्दासाठींच आमचें हें सारें भांडण आहे.

कारण दुसरीकडे काय चालतें तें पाहा. कॅलिफोर्नियांतील पॅसाडीना येथें पॉल पॅटर्सन ह्यांच्या प्रयोगशाळेनें २००३ सालीं व पुनः २००७ सालीं ह्या विषयावर महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध केले. गाभण मादीस केवळ इंटरल्यूकिन-६ टोंचलें तरी पिलांच्या वागण्यांत बदल होतो, आणि पॉली-आय-सीबरोबर त्या द्रव्यास अडविणारा प्रतिपिंड दिला तर बदल टळतो, हें त्यांनीं दाखविलें. काम उत्तम, युक्ति स्वच्छ. परंतु हीं पिलें कोणत्या रोगाचीं? त्याच निबंधांत स्किझोफ्रेनियाचेंहि नांव आहे व ऑटिझमचेंहि! पुढें २०१६ सालीं दुसर्‍या एका प्रयोगशाळेनें तीच पॉली-आय-सी टोंचून, इंटरल्यूकिन-१७ कडे बोट दाखवून, पिलांस ऑटिझमसदृश ठरविलें. माणसांत ऑटिझम पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसूं लागतो, स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आगेमागें. दोहोंचा प्रवास वेगळा, दोहोंच्या घरांतलीं दुःखें वेगळीं. उंदीर मात्र एकच, पिचकारी एकच. ज्या निधींतून पैसा आला असेल त्याप्रमाणें त्यास हा रोग किंवा तो रोग व्हावा, ही मोठी सोयीची प्रकृति होय.

बरें, तो उंदीर तरी आपल्या साक्षीस कायम राहतो का? २०१७ सालीं असें दिसून आलें कीं, एका पुरवठादाराकडून आणलेल्या माद्यांत हा परिणाम होतो व दुसर्‍याकडून आणलेल्या माद्यांत होत नाहीं. कारण पहिल्यांच्या आंतड्यांत एका विशिष्ट जातीचे धाग्यासारखे जंतु असतात, दुसर्‍यांच्या नसतात. पॉली-आय-सी देखील सर्व कुप्यांतून सारखी निघत नाहीं. उत्पादक बदलला, कुपी बदलली, कीं तिचा जोर बदलतो. एका मादीचीं आठ पिलें म्हणजे आठ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराचे आठ जबाब होत. पण कित्येक निबंधांत तीं आठ म्हणूनच मोजलेलीं असतात, आणि त्या मोजणीवर निष्कर्षाचा डोलारा उभा असतो. हीं वैगुण्यें आम्हीं शोधून काढलेलीं नाहींत. ह्या क्षेत्रांतल्याच प्रामाणिक मंडळींनीं तीं चव्हाट्यावर मांडलीं, आणि २०१९ सालीं निबंधांत कोणकोणता तपशील दिलाच पाहिजे ह्याची यादीहि प्रसिद्ध केली. त्यांचा आम्ही आदर करतों. मथळे मात्र ती यादी वाचून लिहिले जात नाहींत.

येथें कोणी शहाणा म्हणेल कीं, अहो, 'प्रतिमान' ह्या शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञांस ठाऊक असतो. तो केवळ बोलण्याच्या सोयीचा संक्षेप आहे. नांवांत काय आहे एवढें? आमचें म्हणणें असें कीं, नांवांत पुष्कळ आहे, आणि त्याचें प्रत्यंतर ह्याच विषयांत सांपडतें.

मेंदूंत मायक्रोग्लिया नांवाच्या पेशी आहेत. त्या तेथल्या पहारेकरी, आणि झाडूवाल्याहि त्याच. उंदराच्या मेंदूंत दाह झाला कीं ह्या पेशींत टीएसपीओ नांवाचें एक प्रथिन वाढतें. तेव्हां संशोधकांनीं युक्ति काढली कीं, ह्या प्रथिनास चिकटणारा एक किरणोत्सर्गी पदार्थ जिवंत रोग्यास टोंचावयाचा आणि पेट नांवाच्या यंत्रानें मेंदूचें चित्र घ्यावयाचें. जेथें उजेड अधिक तेथें दाह. नेदरलंडमध्यें २००८ व २००९ सालीं अशा रीतीनें मूठभर रोग्यांचीं चित्रें घेतलीं गेलीं व उजेड अधिक दिसल्याचें प्रसिद्ध झालें. 'स्किझोफ्रेनियांत मेंदू पेटलेला असतो' ह्या वाक्याला तेव्हांपासून जोर चढला. पुढें निरनिराळ्या देशांतले रोगी एकत्र करून एकेकाचे आंकडे २०१८ सालीं पुनः तपासले, तों उजेड अधिक नसून उलट कमीच निघाला! एवढ्यावर हें थांबलें नाहीं. २०१७ सालीं व पुनः २०२३ सालीं असें दिसून आलें कीं, मायक्रोग्लिया चेतवली असतां तें प्रथिन वाढणें हा उंदरादि कुरतडणार्‍या प्राण्यांचा विशेष आहे. माणसाच्या मायक्रोग्लियांत तसें घडत नाहीं. उंदराच्या घरांत जो दिवा दाहाबरोबर पेटतो, तो माणसाच्या घरांत त्यामुळें पेटतच नाहीं. सारांश, इतकीं वर्षें आम्ही माणसाच्या मेंदूंत उंदराचा दिवा शोधीत होतों. ही चूक मूर्खांची नव्हे. मोठमोठ्या विद्वानांची आहे. उंदीर व रोगी ह्यांस एकाच नांवानें हांक मारण्याची संवय जडली म्हणजे दोघांमधला फरक तपासून पाहण्याची बुद्धि उशिरां होते, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे.

आणि ह्या उशिराची किंमत उंदरानें दिलेली नाहीं. मिनोसायक्लिन हें जुनें जंतुनाशक औषध मायक्रोग्लियांस शांत करतें, असें प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसलें होतें. २०१२ सालीं पाकिस्तान व ब्राझील येथील एका चाचणींत रोग्यांस त्यानें थोडा गुण आल्यासारखा दिसला. तेव्हां ब्रिटनमध्यें २०७ रोग्यांची मोठी चाचणी झाली. हे बहुतेक तरुण, रोग नुकताच जडलेले. वर्षभर कोणास औषध व कोणास त्यासारखीच दिसणारी निर्गुण गोळी देण्यांत आली. २०१८ सालीं निकाल लागला, तो असा कीं दोहोंत फरक नाहीं. इंटरल्यूकिन-६ ची वाट अडविणारें टोसिलिझुमॅब हें औषध छत्तीस रोग्यांस देऊन पाहिलें, त्याचाहि निकाल २०१८ सालचाच, उपयोग नाहीं. अॅस्पिरिननें २०१० सालीं आशा दाखविली. २०२१ सालीं त्याहून मोठ्या दोन चाचण्यांनीं ती मावळविली. चाचण्या झाल्या हें योग्यच झालें, खोटी आशा त्यांनींच मोडली. पण त्या २०७ तरुणांच्या घरोघरीं वर्षभर दिवसाकाठीं कितीदां तरी मुलाच्या चेहर्‍याकडे पाहून 'आज बरा दिसतो का?' असा विचार झाला असेल, त्याची नोंद कोणत्याहि तक्त्यांत नाहीं.

दाहवादी ह्यावर सांगतात कीं, सर्व रोग्यांत दाह नसेलहि. ज्यांच्या रक्तांत दाहाचीं चिन्हें आहेत तेवढ्यांसच निवडून औषध द्या, म्हणजे गुण दिसेल. ही सूचना समंजस आहे. कांहीं रोग्यांच्या रक्तांत इंटरल्यूकिन-६ व तत्सम द्रव्यें अधिक सांपडतात हें खरेंच. पण धूम्रपानानें तीं वाढतात, स्थूलपणानें वाढतात, आणि ह्या रोगावरच्या कित्येक औषधांनीं रोगी स्थूल होतात, हेंहि तितकेंच खरें आहे. तेव्हां निवडा, मोजा, प्रयोग करा. आमची हरकत एवढीच कीं, ज्या गोष्टीची अजून निवडहि झालेली नाहीं ती रोगाचें कारण म्हणून घरोघर वांटूं नका.

दाह वेडाचें कारण असूंच शकत नाहीं, असें आम्ही म्हणतों असा कोणी ग्रह करून घेऊं नये. तें म्हणणें अज्ञानाचें होईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतलीं वेड्यांचीं इस्पितळें ज्या पक्षाघातयुक्त वेडानें भरलीं होतीं, त्या रोग्यांच्या मेंदूंतच नोगुची व मूर ह्यांस १९१३ सालीं उपदंशाचे जंतु सांपडले. तो मेंदूचा खराखुरा दाह होता. त्याच वेडावर हिवतापाचा ताप आणवून उपचार केल्याबद्दल व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग ह्यांस १९२७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें पेनिसिलिननें तो रोग जवळजवळ हद्दपार केला. आमच्या काळांतलें उदाहरण हवें असेल तर २००७ सालीं योसेप डालमाउ व त्यांच्या सहकार्‍यांनीं वर्णिलेलें घ्या. बारा स्त्रिया, एकाएकीं भ्रम, संशय, असंबद्ध बडबड, मग झटके व बेशुद्धि. त्यांच्या शरीरानेंच निर्माण केलेले प्रतिपिंड मेंदूंतल्या एनएमडीए नांवाच्या ग्राहकांवर हल्ला करीत होते, आणि बहुतेकींच्या अंडाशयांत एक गांठ होती. गांठ काढली, प्रतिकारशक्ति आवरणारीं औषधें दिलीं, आणि कित्येक जणी बर्‍या होऊन घरीं गेल्या. ज्या रोग्यांस पूर्वीं वेडे म्हणून खोलींत कोंडलें असतें त्यांतल्या कांहींचा प्राण ह्या शोधानें वांचतो. म्हणून पहिलाच झटका एकाएकीं आला, त्याबरोबर ताप, आंचके किंवा ग्लानि असली, तर मेंदूच्या दाहाची तपासणी डॉक्टरांकडून अगत्य करून घ्यावी, हें आम्ही प्रत्येक घरास सांगूं. पण हे दोन्ही शोध लागले कोठें? एक मेलेल्या रोग्यांच्या मेंदूंत, दुसरा जिवंत रोग्यांच्या रक्तांत व पाठीच्या कण्यांतल्या पाण्यांत. उंदीर आला तो मागाहून, यंत्रणा समजावून सांगावयास; आणि तेथें तो शोभतो.

औषधांचाहि इतिहास असाच आहे. क्लोरप्रोमाझिनमुळें शस्त्रक्रियेचे रोगी विलक्षण शांत होतात, हें फ्रान्सांत आंरी लाबोरी ह्या शस्त्रवैद्याच्या ध्यानांत आलें, आणि १९५२ सालीं पॅरिसला दले व दनिकेर ह्यांनीं तें वेडावर वापरलें. झॅनोमेलीन हें औषध स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांवर योजिलें होतें. त्यानें त्यांचे भ्रम कमी झाल्याचें १९९७ सालीं दिसलें, आणि तेंच एका जोड औषधासह २०२४ सालीं स्किझोफ्रेनियासाठीं अमेरिकेंत संमत झालें. विषारीपणा पाहावयास, मात्रा ठरवावयास प्राणी लागतात. तें कोण नाकारतो? पण दार उघडलें तें प्रत्येक वेळीं रोग्याकडे पाहणार्‍या डोळ्यांनीं.

आणि दाहाची कल्पना डोक्यांत शिरली म्हणजे डोळे कसे मिटतात, ह्याचें एक जुनें उदाहरण आहे. तें आठवलें कीं आमच्या अंगावर कांटा येतो. अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतल्या ट्रेंटन येथील वेड्यांच्या इस्पितळाचे मुख्य हेन्री कॉटन ह्यांची अशी श्रद्धा होती कीं, वेड हें शरीरांत कोठें तरी दडलेल्या पूययुक्त दाहाचें विष होय. मेंदूंत उपदंशाचे जंतु सांपडलेच होते. मग इतर वेडांतहि तसेंच कांहीं असणार, हा तर्क वरवर पाहतां किती सरळ! त्यांनीं रोग्यांचे दांत उपटले. त्यानें भागलें नाहीं तेव्हां टॉन्सिल काढले. मग मोठें आंतडें कापलें. शेंकडा पंचायशी रोगी बरे होतात असें ते सांगत, आणि देशोदेशींचे वैद्य माना डोलवीत. आंतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरणारांचें प्रमाण शेंकडा तिसाच्या आसपास होतें. फिलिस ग्रीनेकर ह्या तरुण डॉक्टरबाईंनीं १९२४ पासून रोग्यांची नोंद एकेक करून तपासली व तें पंचायशीचें गणित पोकळ असल्याचें दाखविलें. पण त्यांचे वरिष्ठ, थोर मानसवैद्य अॅडॉल्फ मायर, ह्यांनीं तो अहवाल दाबून ठेवला. कॉटन दुष्ट नव्हते. स्वतःच्या मुलांचेहि दांत त्यांनीं उपटविले होते. आजच्या संशोधकांची कॉटनशीं तुलना करण्याचा आमचा हेतु नाहीं. आज निर्गुण गोळीशीं तुलना केल्यावांचून कोणी पाऊल टाकीत नाहीं, हा मोठा पालट आहे. तथापि 'ह्या वेडांत दाह सांपडला, म्हणून त्या वेडांतहि दाहच असणार' ही उडी तीच आहे.

आतां बाईंच्या प्रश्नाकडे येतों. माणसांतला पुरावा काय सांगतो? १९८८ सालीं मेडनिक व त्यांच्या सहकार्‍यांनीं हेलसिंकी येथील नोंदी तपासल्या. १९५७ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत ज्यांच्या आया गर्भारपणाच्या मधल्या तिमाहींत होत्या, त्यांच्यांत हा रोग अधिक दिसला. पण त्यांतल्या कोणत्या आईस खरोखर इन्फ्लुएन्झा झाला होता, हें त्यांत पाहिलेलेंच नव्हतें. फक्त तारखा जुळविल्या होत्या. इतर ठिकाणीं तसे अभ्यास झाले, तेव्हां कांहींत संबंध दिसला, पुष्कळांत दिसला नाहीं. २००४ सालीं ब्राउन ह्यांनीं कॅलिफोर्नियांत जतन केलेलें आयांचें जुनें रक्त तपासलें, हा मोठाच सुधार. पहिल्या तिमाहींत इन्फ्लुएन्झा झाला तर धोका सातपट, हा आंकडा तेथून निघाला आणि जगभर फिरला. पण रोगी होते अवघे चौसष्ट. आणि त्या सातपटीच्या मागेंपुढें अनिश्चिततेचा पल्ला असा कीं, खरा आंकडा एकाहून कमीहि असूं शकेल व सत्तराच्या पलीकडेहि! असला आंकडा पुढील अभ्यासास आमंत्रण म्हणून चालेल. आईवर फिर्याद म्हणून चालणार नाहीं. आणि समजा, ताप खरोखरच धोका दुप्पट करतो. हा रोग शंभरांत फार तर एकास होतो. दुप्पट केला तर दोघांस. म्हणजे तापलेल्या शंभर आयांपैकीं अठ्ठ्याण्णवांचीं मुलें निरोगीच निघणार. गर्भारपणीं इन्फ्लुएन्झा झाला तर त्याची हयगय करूं नये हें आईच्या स्वतःच्या जिवासाठींच खरें आहे. त्यासाठीं उंदराची साक्ष काढावी लागत नाहीं.

आयांवर ही फिर्याद नवीन नाहीं. १९४८ सालीं फ्रीडा फ्रॉम-राइशमन ह्या मनोविश्लेषक बाईंनीं 'स्किझोफ्रेनिया उत्पन्न करणारी आई' असा शब्द रूढ केला. आई थंड, आई हेकट, आई मुलास झिडकारणारी, म्हणून मूल वेडें. त्या एका शब्दाच्या जोरावर कितीएक वर्षें अमेरिकेंतले वैद्य रोग्याच्या आईकडे आरोपीसारखे पाहत राहिले. पुढें पुराव्याअभावीं तें मत टाकून देण्यांत आलें; आयांची क्षमा मागितल्याचें मात्र आमच्या वाचनांत नाहीं. तेव्हां आईचा स्वभाव थंड होता म्हणून दोष. आतां आईचें अंग गरम होतें म्हणून दोष. शास्त्र पालटलें, आरोपी तीच राहिली.

आमचें मागणें फार मोठें नाहीं. उंदराचें नांव त्याच्या कर्मावरून ठेवा, माणसाच्या रोगावरून नको. 'गर्भारपणीं प्रतिकारशक्ति चेतविलेल्या मादीचीं पिलें' हें नांव लांबलचक आहे खरें, पण त्यांत खोटें कांहीं नाहीं. ह्या उंदरानें गर्भाच्या मेंदूविषयीं जें सांगितलें तें मोलाचें आहे; तें तेवढ्यापुरतें सांगावें. २०१६ सालीं तसें घडलेलेंहि आहे. अठ्ठावीस हजारांवर रोग्यांच्या आनुवंशिक तपासणींत सी-४ नांवाच्या प्रतिकारद्रव्याचा धागा सांपडला. मग तें द्रव्य मेंदूंतल्या पेशींचे सांधे छाटावयास कशी मदत करतें एवढेंच उंदरांत पाहिलें. आधीं माणूस, मग उंदीर, हा क्रम योग्य होय. तेथेंहि मथळे 'कारण सांपडलें' असेच आले. धोका वाढतो तो सुमारें सव्वापट, हें खालीं कोठें तरी. जेम्स हीदर्स नांवाच्या एका संशोधकानें २०१९ सालीं असल्या मथळ्यांखालीं 'उंदरांत' एवढा एकच शब्द जोडून देण्याचा उद्योग आरंभिला होता. विनोद म्हणून लोक हसले. आम्हांस तो ह्या विषयावरील सर्वांत उपयुक्त लेखनाचा एक मासला वाटतो.

बाईंस आम्हीं वरचें सारें सांगितलें नाहीं. कात्रण उंदरांविषयींचें आहे, त्या चार दिवसांच्या तापानें मुलास हा रोग झाला असें कोणताहि प्रामाणिक डॉक्टर सांगूं शकणार नाहीं, आणि मुलाच्या गोळ्या मात्र कोणाच्याहि बातमीवरून बंद करूं नका, एवढेंच बोललों. हें शेवटलें सांगावें लागलें, कारण बाईंच्या यजमानांनीं त्याच कात्रणावरून गोळ्यांऐवजीं दाह शमविणारी हळद व कसलासा काढा सुरू करण्याचा बेत केला होता. गोळ्या चालूं आहेत. त्या वर्तमानपत्रास आम्हीं एक पत्र लिहिलें. मथळ्यांत 'उंदरांत' हा शब्द घालून दुरुस्ती छापावी, इतकीच विनंति त्यांत होती. दोन महिने होत आले. पत्र अद्याप छापून आलेलें नाहीं.